झिप करताना मोठ्या फाइलवर स्क्रिप्ट कोसळते (पायथॉन) – मदत हवी आहे

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी,
मी प्रोग्रामर नाही. सांगलीत वखार भागातल्या एका दुकानाचे हिशेब बघतो आणि एक्सेलला कंटाळून थोडंफार पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) शिकलोय. संध्याकाळी आमच्या हौशी नाट्यमंडळात नेपथ्याचे खिळे ठोकतो. २०१९ च्या महापुरात मंडळाच्या खोलीत पाणी शिरलं. कॅसेटांचं कपाट तेवढं वरच्या मजल्यावर होतं म्हणून वाचलं. तेव्हापासून करू करू म्हणत यंदा एकदाचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं: मिनीडीव्हीच्या टेपा, ऑडिओ कॅसेट, हस्तलिखित संहितांचे स्कॅन, फोटो.

आता एका नाटकाची एक झिप करायची आहे. सभासद आला की ‘हे घ्या तुमचं नाटक’ म्हणून एकच फाइल हातात द्यायची. नाटकं ३८ आहेत, हातानं करत बसलो तर पुढची दिवाळी उजाडेल, म्हणून स्क्रिप्ट लिहिली.

फोटो आणि स्कॅनवर ती झकास चालते. नाटकाच्या आवाजाची डब्ल्यूएव्ही फाइल आली (तीन तासांचं नाटक, साधारण १.९ जीबी) की मेमरीएरर. टेपेच्या एव्हीआयवर तर (तासाला १३ जीबीच्या आसपास) पहिल्याच झटक्यात आडवी होते. विंडोज १० आहे, ६४-बिट, रॅम ८ जीबी. १.९ ला ८ पुरत नाहीत?

मोबाइलवरून लिहितोय, कोड चिकटवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडतो, रीड() करतो, हाती येईल ते राइटएसटीआर() नं झिपमध्ये टाकतो. झिप आधी बाइट्सआयओमध्ये, म्हणजे मेमरीतच, बनवतो आणि सगळं झालं की डिस्कवर उतरवतो. हे शेवटचं कुठून उचललं ते आता आठवत नाही.

आटपाडी एक्सप्रेस:
सरळ १६ जीबी रॅम टाका. विषय संपला.

भडंग आणि चहा:
विषय कसला संपतो? आज १३ जीबीची टेप आहे, उद्या तीन टेपा जोडून ३९ ची फाइल करतील. मग काय मदरबोर्ड विकायचा? १८४३ पासून नाटकं करणारं गाव आहे हे, माल कमी नाही इथं.

@कृष्णाकाठचा, पायथॉन कुठलं आहे ते बघा. काळ्या खिडकीत पायथॉन सुरू केलं की पहिल्याच ओळीत ३२ बिट की ६४ बिट ते लिहिलेलं असतं. विंडोज ६४ असलं म्हणून पायथॉन ६४ असेलच असं नाही.

कृष्णाकाठचा:
बघितलं. ३.७ आहे आणि ‘३२ बिट’ लिहिलंय! मला वाटायचं डाउनलोडचं बटण दाबलं की योग्य तेच येतं.

भडंग आणि चहा:
सापडलं. विंडोजवर ३२-बिट प्रोग्रामला साधारणपणे २ जीबी मेमरीचेच पत्ते मिळतात, मशीनमध्ये ८ असोत की ८०. त्यात तुमची १.९ ची फाइल सलग एका तुकड्यात बसायला हवी, वर बाइट्सआयओमध्ये तिची दुसरी प्रत. कशी मावणार? ३२ वालं काढून ६४-बिट नवं टाका.

हरिपूरकर:
ते कराच, पण तेवढ्यावर भागणार नाही दादा. ६४-बिट टाकून १.९ ची फाइल निघेल, १३ ची पुन्हा तिथंच अडेल. चूक रॅमची नाही, रीड()ची आहे.

आमच्याकडं पूर्वी हळद पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, असायची. पेव उपसताना माणूस आत उतरून एकेक पोतं वर द्यायचा, अख्खं पेव कुणी डोक्यावर घेऊन निघालेलं मी तरी बघितलं नाही. तुमची स्क्रिप्ट नेमकं तेच करतेय. रीड() म्हणजे सगळं एकदम उचला. राइटएसटीआर()लाही सगळा माल एकदम हातात लागतो. आणि बाइट्सआयओ म्हणजे गाडीत भरायच्या आधी सगळी हळद पुन्हा अंगणात ओतणं.

तिन्ही काढून टाका. झिपफाइल उघडताना बाइट्सआयओऐवजी डिस्कवरचा पत्ता द्या, आणि प्रत्येक फाइलसाठी नुसतं झिप.राइट(फाइलचा पत्ता, आतलं नाव). राइट() स्वतःच फाइल छोट्या छोट्या तुकड्यांत वाचतं, दाबतं, लिहितं आणि पुढं सरकतं. १३ जीबी असो वा १३०, मेमरी तेवढीच लागते. कोड उलट कमीच होईल तुमचा.

कृष्णाकाठचा:
हरिपूरकर, मानलं! टास्क मॅनेजर उघडून बसलो होतो. मेमरीचा आकडा जागचा हलत नाही आणि डिस्कवर झिप आपली वाढतेय. ६४-बिटही टाकलं.

पण हाव सुटली. राइट() चालू असताना किती टक्के झालं ते कळत नाही, एका टेपेला बराच वेळ लागतो आणि मंडळातले काका दर पाच मिनिटांनी ‘झालं का रे?’ विचारतात. म्हणून त्याऐवजी झिप.ओपन(नाव, ‘डब्ल्यू’) केलं आणि स्वतः एक-एक एमबी वाचून लिहायला लागलो, सोबत टक्केवारी छापत. शंभर टक्के झाले, काकांनी टाळी वाजवली आणि मग एरर: ‘फाइल साइज टू लार्ज, ट्राय युझिंग फोर्स_झिप६४’. हे आधी सांगायला काय झालं होतं याला? आणि राइट()ला हे कसं चाललं?

मिरजवाली:
आधी सांगता येत नाही, कारण त्याला आधी माहीतच नसतं.

झिप हा १९८९ चा फॉरमॅट. प्रत्येक फाइलच्या आधी एक छोटा मथळा असतो, त्यात आकार लिहायला चार बाइटची चौकट. चार बाइटमध्ये मोठ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ बसतो, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. फाइल किती दाबली गेली, झिपच्या आत कुठून सुरू होते, या आकड्यांनाही तेवढीच जागा. झिपमधल्या एकूण फाइलींची संख्या तर दोन बाइटची, ६५,५३५ ला संपते. पुढं २००१ मध्ये यावर झिप६४ आलं. जुनी चौकट तशीच ठेवायची, तिच्यात ‘आकडा पुरवणीत बघा’ अशी खूण करायची आणि पुरवणीत आठ बाइटची जागा द्यायची.

गोम अशी की ही पुरवणी मथळ्यात असते आणि मथळा फाइलच्या आधी लिहिला जातो. झिप.राइट() डिस्कवरच्या फाइलचा आकार आधीच विचारून घेतं, मोठी दिसली की पुरवणीची जागा सोडून सुरुवात करतं. तुम्ही ओपन()ला नुसतं नाव दिलंत. मागून १३ जीबी येणार हे त्याला कोण सांगणार? त्यानं साधा मथळा लिहिला, माल भरला आणि बंद करताना वजन केलं तेव्हा काटा चौकटीबाहेर गेला. पायथॉन तर सावधपणे २ जीबीच्या वरच हरकत घेतं, ४ ची वाट बघत नाही.

उपाय दोन. ओपन()मध्ये फोर्स_झिप६४ = ट्रू द्या. किंवा झिपइन्फो.फ्रॉम_फाइल() करून त्यात आकार भरलेला घ्या आणि नावाच्या जागी तो द्या. तुमच्या फाइली डिस्कवर आहेत, तेव्हा मी दुसरा घेईन. आकार आधी कळतच नसेल, म्हणजे माल नेटवरून येत असेल वगैरे, तर पहिला.

कृष्णाकाठचा:
मिरजवाली, तुमचं दोनदा वाचलं आणि मग कळलं. झिपइन्फोवालं केलं, चाललं. टक्केवारी पण दिसते.

आता रडगाणं नंबर तीन. झिप झाली १३ जीबीचीच! एवढा खटाटोप करून एक एमबीसुद्धा वाचला नाही.

भडंग आणि चहा:
झिपफाइलला दाबण्याची पद्धत सांगितली नाहीत ना? न सांगता तो ‘झिप_स्टोअर्ड’ धरतो, म्हणजे नुसतं पोत्यात भरतो, दाबत नाही. बरेच जण यात फसतात. ‘झिप_डिफ्लेटेड’ द्या.

मिरजवाली:
सरसकट देऊ नका मात्र. डीव्ही टेपेचा व्हिडिओ कॅमेऱ्यानंच आधी दाबलेला असतो, जेपेगही तसंच. त्यावर डिफ्लेट चालवलं की प्रोसेसर तापतो, तास जातो आणि हाती जवळजवळ काही लागत नाही. संहितांचे स्कॅन टिफ आहेत का? न दाबलेले टिफ असतील तर त्यांच्यावर बरंच वाचेल. डब्ल्यूएव्हीवर थोडं. राइट()ला प्रत्येक फाइलमागे वेगळी पद्धत सांगता येते, तुमच्यासारखं झिपइन्फो वापरलं तर त्याच्यावर कॉम्प्रेस_टाइप लावायचा. विस्तार बघून ठरवा: एव्हीआय, जेपेग स्टोअर्ड, टिफ, डब्ल्यूएव्ही, मजकूर डिफ्लेटेड.

आटपाडी एक्सप्रेस:
मग झिप कशाला करता? फोल्डरच कॉपी करून द्या की. (या वेळी रॅम म्हणालो नाही.)

कृष्णाकाठचा:
@आटपाडी एक्सप्रेस, तोही विचार केला. पण गेल्या वर्षी एका सभासदाला फोल्डर दिला, त्यानं घरी जाऊन अर्धाच उचलला आणि ‘दुसरा अंक दिलाच नाही’ म्हणून बैठकीत भांडला. एक फाइल म्हटलं की एकतर आहे, नाहीतर नाही.

आणि हो, काल रात्री सहाव्या नाटकाला लाइट गेली. जी झिप अर्धी झाली होती ती उघडतच नाही, ‘झिप फाइल नाही’ म्हणते. आत तर ८ जीबी माल आहे!

हरिपूरकर:
माल आहे, पण यादी नाही. झिपमधल्या फाइलींची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी, झिप बंद करताना लिहिली जाते. उघडणारा आधी शेपटाकडं जाऊन तीच शोधतो. लाइट त्याआधी गेली, झालं. तसल्या फाइलीच्या दुरुस्तीत वेळ घालवू नका, मूळ टेपा आहेत, पुन्हा चालवा. फक्त दोन सवयी लावा. झिपफाइल ‘विथ’मध्येच उघडा, म्हणजे मध्ये एरर आली तरी ती नीट बंद होते. आणि बनत असताना फाइलीला ‘.अर्धवट’ असलं काहीतरी नाव ठेवा, पूर्ण झाल्यावर ओएस.रिप्लेस() नं खरं नाव द्या. मग सकाळी येऊन कुठली पुरी, कुठली अर्धी हे नावावरूनच कळतं.

पूर्ण झालेलीवर टेस्टझिप() चालवा. ती आतली प्रत्येक फाइल वाचून सीआरसी (फाइलीसोबत लिहिलेला पडताळणीचा आकडा) जुळवते, पहिल्या खराब फाइलीचं नाव देते, सगळं ठीक असेल तर नन, म्हणजे ‘काही नाही’.

कृष्णाकाठचा:
केलं. ३८ पैकी ३७ ननं पास! एकाचा मूळ टिफच डिस्कवरून वाचता येत नव्हता, तो परत स्कॅन करावा लागला.

शेवटचा अडथळा (खरंच शेवटचा). काकांनी नवाकोरा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणला. झिप त्यावर कॉपी करायला गेलो तर जागा रिकामी असून ‘फाइल फार मोठी’ म्हणतो. नवाकोरा आहे हो.

भडंग आणि चहा:
त्यावर एफएटी३२ (ड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत) असणार. तिथंही एका फाइलीची कमाल ४ जीबीला एक बाइट कमी. तीच चार बाइटची चौकट, नुसतं दुकान वेगळं. फॉरमॅट करून एक्सफॅट (तसलीच नवी पद्धत) करा. ज्यांच्याकडं द्यायचा तिथं कुठलं विंडोज आहे?

कृष्णाकाठचा:
अध्यक्षांच्या घरी अजून एक्सपी आहे. हसू नका.

मिरजवाली:
हसत नाही, आमच्या ऑफिसातही एक आहे. मग एनटीएफएस करा. एक्सफॅटसाठी एक्सपीला वेगळं अपडेट लागतं, एनटीएफएस तो तसाच वाचतो. आणि एक्सपीत आपोआप येणारं झिपचं फोल्डर झिप६४ उघडत नाही, तिथं सेव्हन-झिप टाकून द्या. व्हिस्टापासून पुढं काळजी नाही.

झिपचे ४-४ जीबीचे भाग पाडायच्या फंदात पडू नका. पायथॉनच्या झिपफाइलला अनेक भागांची झिप जमत नाही. ती सेव्हन-झिपनं करता येते, पण मग तुमच्या त्या सभासदाला पुन्हा अर्धाच माल मिळेल.

कृष्णाकाठचा:
एनटीएफएस केलं, गेली एकदाची! अध्यक्षांच्या एक्सपीवर सेव्हन-झिपनं उघडून पहिला अंक बघितला. १९९८ च्या प्रयोगात मागं पडदा पडतोय आणि तो धरायला धावत येणारा मीच.

भडंग आणि चहा:
अभिनंदन. दुसरी प्रत कुठं ठेवलीत? सांगलीत नको.

कृष्णाकाठचा:
मिरजेत, मामाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर.