जुन्या सिनेमांना डीव्हीडी पुरे?
'जुन्या हॉलिवूडपटांना डीव्हीडी पुरे, ब्लू-रे कोण घेणार' हे तुमचं मत मला अजिबात पटलं नाही. ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीपेक्षा जास्त तपशील दाखवणारी डिस्क. डीव्हीडीत चित्राच्या जेमतेम ४८० किंवा ५७६ आडव्या रेषा. ३५ मिमीच्या मूळ निगेटिव्हमध्ये तपशील त्याहून कितीतरी जास्त. १९३९ चा 'द विझर्ड ऑफ ऑझ' घ्या. टेक्निकलर या जुन्या रंगीत चित्रपद्धतीचा कॅमेरा एकाच वेळी तीन कृष्णधवल निगेटिव्ह टिपायचा, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. त्या फिती कालांतराने कमीजास्त आकसतात, मग रंगांच्या कडा फाकतात. आता तिन्ही स्कॅन करून संगणकावर जुळवतात आणि चित्र लख्ख होतं. काम खर्चिक आहे, ते चालू राहावं म्हणून मी तरी डिस्क विकतच घेतो. 'सिंगिंग इन द रेन' या जुन्या संगीतपटाची मूळ निगेटिव्ह १९७८ मध्ये एका आगीत गेली, ती हळहळ अजून जात नाही.