'विंटरबोर्न'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : भूगोलाच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. इंग्लंडच्या ससेक्समधल्या लावंट नदीला त्यात 'विंटरबोर्न' म्हटलंय, म्हणजे एरवी कोरडा राहून हिवाळ्यात वाहणारा ओढा. 'हंगामी नदी' लिहावं की 'हिवाळी ओढा'?

— 'हंगामी' नकोच. आपल्याकडे हंगामी नदी म्हटलं की मृगाच्या पावसात गढूळ लोंढा घेऊन येणारी आणि दिवाळीनंतर आटणारी नदी डोळ्यांसमोर येते. लावंटची तऱ्हा निराळी. ईस्ट डीनला उगम, मग चार्ल्टन, सिंगलटन, वेस्ट डीन अशी पश्चिमेला जाते, दक्षिणेला वळून लावंट नावाच्याच वस्त्यांतून चिचेस्टरला पोचते आणि पुढे खाडीला मिळते. वरचा सगळा मुलूख साउथ डाउन्स टेकड्यांच्या चॉकचा, म्हणजे मऊ, सच्छिद्र चुनखडीचा. तिथे पाऊस वाहून जात नाही, मुरतो. भूजल हळूहळू चढत पात्राच्या तळाशी आलं की मगच, बहुधा डिसेंबर-जानेवारीत, नदी वाहू लागते, आणि तीही नितळ. सप्टेंबरात पहाल तर पात्रात गवत, मधे गारगोटीचे दगड, आणि पूल कोरड्यावर उभे.

म्हणून तिची चाहूल विहिरीत लागते. जवळच्या चिलग्रोव्हच्या विहिरीतली पातळी १८३६ पासून नोंदली जातेय. जगातल्या सर्वांत जुन्या भूजलनोंदींपैकी ही एक. जानेवारी १९९४ मध्ये भूजल इतकं चढलं की लावंटचं पाणी चिचेस्टर शहरात शिरलं. पुढे पुराचं पाणी शहराच्या पूर्वेकडून वळवून पॅगमच्या खाडीकडे नेणारा कालवा काढावा लागला.

— मग कोकणातला 'उपळ' का नको? पाऊस धरून राहिला की आमच्याकडे जांभ्याच्या उतारावर, कधी घरातल्या जमिनीतूनही उपळ फुटतात. पाणी वरून आलेलं नसतं, खालून उमळलेलं असतं. 'हिवाळी ओढा' नुसता महिना सांगतो, पाणी कुठून आलं ते सांगत नाही. 'उपळाचा ओढा' म्हणा.

— 'उपळाचा ओढा' मलाही पटतो. आणखी एक आधार देतो. 'लावंट' हे त्या भागात सामान्यनामही होतं. १८व्या शतकातला निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट असे जमिनीतून फुटणारे झरे 'लावंट' म्हणून ओळखले जातात असं सांगतो. लावंट वर आले की धान्य महागणार, हा गावकऱ्यांचा आडाखाही त्याने टिपलाय. भिजलेल्या जमिनीत पीक धड येत नाही, हे कुणाही शेतकऱ्याला सांगायला नको. तेव्हा नदीचं नाव आणि हा अर्थ लेखात वेगळे ठेवा.

— आभार. मग वाक्य असं करतो : 'लावंट ही वरच्या अंगाला उपळाचा ओढा आहे, भूजल चढल्याशिवाय ती वाहत नाही.' चिचेस्टरमध्ये ती काही ठिकाणी जमिनीखालच्या बांधीव मोरीतून जाते, तिथे मात्र 'नदी'च लिहीन.