चर्चा: एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांना पावडरचे डबे वाटणं बंद करावं का?

गिरणाकाठ:
1 डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, जवळ आला की फोन सुरू होतात. "मुलांसाठी काहीतरी करायचंय, प्रोटीन पावडरचे डबे देऊ का?" जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, प्रकार एकच. जन्मापासून एचआयव्ही असलेली, आता तेरा-चौदा वर्षांची झालेली पोरं, हातात डबा, मागे बॅनर. 2017 च्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय कुणाची ओळख उघड करता येत नाही, पण बॅनर लावणाऱ्याला ते कोण सांगणार? माझं म्हणणं सरळ आहे, हे वाटप बंद करा.

हाडं मजबूत व्हावीत म्हणून डबे देतात, आणि हाडांचा प्रश्न खराच आहे. या मुलांची वाढ मागे पडते, वयात यायला उशीर होतो. त्यात दहा वर्षांवरच्या आणि तीस किलोपुढच्या मुलांना टीएलडी, म्हणजे एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी, मिळते. तिच्यातल्या टेनोफोविरने हाडांची घनता थोडी उतरते. जन्मभराचं हाड विशीपर्यंत घडून जातं, म्हणजे घाई आहेच. पण डबा उलटा करून वाचा, सुरुवातीच्या घटकांतच साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) सापडतं. आणि घरी तीन भावंडं असली की आई एकट्यालाच कशी देणार? "त्यालाच का?" या प्रश्नाचं उत्तर तिला देता येत नाही. सगळ्यांच्या पेल्यात एकेक चमचा पडतो आणि डबा आठवड्यात संपतो.

पांझरा_धुळे:
काय भो, डबा बंद करा म्हणायला काय जातं! ही माय कापूस वेचायला जाते. घरात म्हैस असली तरी दूध डेअरीला जातं, चहापुरतं मागे राहतं. तिला तुम्ही "कॅल्शियमयुक्त आहार" सांगणार? तेरा ते पंधरा वयाला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, सांगते. भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यातून ते येणार आहे का? निदान डब्यात काहीतरी घातलेलं असतं. आधी ताटात आणून द्या, मग डबा काढून घ्या.

केळीवाला_रावेर:
आमच्याकडे केळीला तोटा नाही, तीच खाऊ घाला. हाडांना एक नंबर.

दवाखान्यामागचा_डॉक्टर:
रावेरभाऊ, केळी पोटाला चांगली, पण शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम दहा मिलिग्रॅमसुद्धा नाही. नागलीत, म्हणजे नाचणीत, त्याच मापात साधारण साडेतीनशे. नंदुरबारकडची धडगाव-अक्कलकुव्याची माणसं नागली पिकवतात आणि जळगावात आपण तिला "आदिवासींचं धान्य" म्हणून नाक मुरडतो. तीळ आणखी वरचढ.

पण इथे कुणीच न बोललेली गोष्ट वेगळी आहे. टीएलडीतलं डोल्युटेग्राविर कॅल्शियम आणि लोहाला चिकटून बसतं, मग औषध रक्तात नीट उतरत नाही. उपाशीपोटी दोन्ही एकत्र घेऊ नयेत. एक तर दोन्ही जेवणासोबत घ्यायच्या, नाहीतर टीएलडी कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. दात्याने कॅल्शियमच्या बाटल्या वाटल्या, पोराने सकाळी दोन्ही गोळ्या पाण्यासोबत गिळल्या, की हाडांपायी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, बिघडायची वेळ येईल. ॲसिडिटीचं पातळ औषध तर जेवणासोबतही चालत नाही. तिथे दोन तास आधी किंवा सहा तासांनी हाच नियम.

पांझरा_धुळे:
म्हणजे गोळ्या द्यायच्या की नाहीत?

दवाखान्यामागचा_डॉक्टर:
ज्याला कमी आहे त्याला द्यायच्या. झांबिया आणि झिंबाब्वेत अकरा ते एकोणीस वयाच्या अशाच मुलांवर चाचणी झाली. आठवड्याला 20,000 युनिट व्हिटॅमिन डी-3 आणि रोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, 48 आठवडे. सगळ्यांचा मिळून हाडांत ठळक फरक दिसला नाही. ज्यांचं डी मुळात कमी होतं, त्यांना फायदा झाला.

पांझरा_धुळे:
मग सगळ्यांनाच डीचं सॅशे द्या. खासगी लॅबमध्ये तपासणीला जेवढे पैसे जातात, त्यात कितीतरी सॅशे येतील. आणि मे महिन्यात जळगावात पारा 45 ला टेकतो, पोरं दिवसभर घरात कोंडलेली. ऊन आहे म्हणून डी आहे, हा भ्रम सोडा.

दवाखान्यामागचा_डॉक्टर:
उन्हाचं मान्य. सॅशेचं अर्धंच मान्य. 60,000 युनिटचं आठवड्याचं पाकीट रोज घेणारे पेशंट आम्ही पाहतो. त्याने रक्तात कॅल्शियम चढतं आणि किडनीवर ताण येतो. टेनोफोविरमुळे किडनीवर आधीच लक्ष ठेवावं लागतं. कुणीतरी हिशेब ठेवणार असेल, तरच द्या.

रात्री_नऊची_गोळी:
मी एकोणीस वर्षांचा आहे, वसतिगृहात राहतो, या गोळ्या स्वतः खातो. गिरणाकाठ दादा, तुमचं फोटोबद्दलचं शंभर टक्के बरोबर. पण डबा मला हवा होता. रूमवर सगळेच जिमची पावडर खातात, माझ्या टेबलावरच्या डब्याकडे कुणी बघत नाही. रिकामा झाला की गोळ्यांची बाटली त्यात ठेवतो, खडखडू नये म्हणून भोवती कापूस. तिळाचे लाडू दिले असते तर पहिल्या रात्रीच फस्त झाले असते. आणि हाडांचं काही औषध वेगळ्या वेळी घ्यायचं असतं हे मला इथे कळलं. मी सकाळी कॅल्शियम आणि रात्री टीएलडी घेतो, म्हणजे चालून जातंय. हे नियोजन नव्हतं, नशीब होतं.

गिरणाकाठ:
तुझा मुद्दा पटला, पण एवढ्यासाठी मी वाटपाच्या बाजूने जाणार नाही. रिकामा डबा कुठेही मिळतो. डब्यांच्या पैशात कुणीतरी एक माणूस नेमा. तो सरकारच्या बालसंगोपन योजनेचे अर्ज भरून घेईल, त्याचे महिन्याला 2250 रुपये होतात. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरला जाताना सोबत राहील आणि कॅल्शियमची वेळ पाठ करून घेईल.

पांझरा_धुळे:
त्या अर्जाला दाखले लागतात, बँकेत खातं लागतं, आणि दोन्हीसाठी हेलपाटे. तोवर पोराने काय खायचं? यंदा मी डबे आणतोय. बॅनर आणणार नाही, फोटोही नाही. डॉक्टर, तुमचा तो दोन आणि सहा तासांचा नियम मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या, झाकणाच्या आतून चिकटवतो.