आणे, पायली, हाली सिक्का: घरातल्या जुन्या हिशोबाच्या आठवणी इथे लिहा

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. शाळेत आपण हे एका ओळीत वाचलं, पण घराघरात तेव्हा काय गोंधळ झाला ते फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि ज्यांनी ते पाहिलं ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणून म्हटलं विचारावं. आजीआजोबांकडून ऐकलेलं काहीही चालेल, दोन ओळी असल्या तरी लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आजीचं साताऱ्याकडे छोटं किराणा दुकान होतं. आण्याचे खरे सव्वासहा पैसे होतात, पण पाव पैसा द्यायचा कुठून, म्हणून एक आण्याला ६ पैसे धरायचे. मग चार आण्यांची साखर एकदम घेतली तर २५ आणि आण्या-आण्याची चारदा घेतली तर २४! पोरांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं, दिवसभर हेलपाटे घालायची, आणि आजी प्रत्येक वेळी पुडी बांधून द्यायची. तो एक पैसा पोरांनी कमावलाय म्हणायची.

---

आमचं गाव परभणीकडं. तुमच्याकडं पैसा एकदा बदलला, आमच्याकडं त्याआधीच दोन पैसे सोबत चालायचे. निजामाचा हाली सिक्का, त्यावर चारमिनार, आणि दुसरा कलदार म्हणजे इंग्रजांचा. साधारण ७ हालीला ६ कलदार. १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं, पण हाली रुपया काही लगेच गेला नाही, १९५९ पर्यंत चालला. आजोबांच्या वहीत प्रत्येक रकमेपुढं हा. नाहीतर क. लिहिलंय. आत्याबाई सांगतात की लग्नाच्या बैठकीत आकडा ठरला की पहिला प्रश्न हाच, हाली का कलदार, आणि हे विचारायचं राहिलं तर मांडवात रुसवेफुगवे ठरलेले. ती वही मी जपून ठेवलीय, मराठवाड्याचा इतिहास म्हटलं की रझाकारांच्या पुढं कुणी जात नाही, ह्या रोजच्या गोष्टी पण इतिहासच आहेत.

---

वडील जेवताना गणितं घालायचे. साडेतीन आणे शेर भावाने पावणेदोन शेर तेलाचे किती? आम्ही कागद शोधेपर्यंत ते स्वतःच सांगायचे, सहा आणे दीड पै. त्यांना अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, सगळं तोंडपाठ होतं.

---

गोव्यात आमच्याकडे पोर्तुगीज रुपया होता, १९५९ मध्ये एस्कुद आले, ६ एस्कुदांना एक रुपया, आणि डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया. आईच्या शाळेच्या वयातच तिन्ही होऊन गेले.

---

मापांचं कुणीच लिहिलं नाही अजून! दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. आईचं चकलीच्या भाजणीचं प्रमाण अजून चिपट्यातच आहे. वहिनीने न्यू जर्सीला ते ग्रॅममध्ये करून बघितलं तर चकली सारखी मोडायची, कारण चिपटं भरून मोजायचं माप, एकाच चिपट्यात तांदूळ आणि उडीदडाळ यांचं वजन सारखं भरत नाही. शेवटी पुढच्या खेपेला ती पितळेचं चिपटंच बॅगेत घालून घेऊन गेली, आता तिच्या मैत्रिणीपण तेच मागून नेतात.

---

भोकाचा पैसा कुणाकडे आहे का? दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला १९४३ पासून काढलेला. आमचे काका लहानपणी करदोट्यात ओवायचे.

आणि तोळ्याचं एक. आजीच्या पाटल्या चार तोळ्यांच्या असं घरात सगळ्यांना माहीत, वाटणीच्या वेळी सराफाकडे नेल्या तर जवळजवळ साडेसेहेचाळीस ग्रॅम. काका म्हणे काटा चुकलाय, दुसऱ्या पेढीत जाऊ. तिथेही तेच. मग तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी समजावलं की हल्ली आम्ही १० ग्रॅमला तोळा म्हणतो, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा मासे, माशाला आठ गुंजा. पाटल्या करताना आजोबांनी पूर्ण वजनाचंच सोनं घातलं होतं.