बाबांच्या दुकानातले जुन्या फियाट-अँबेसेडरचे पार्ट बाहेरदेशी विकायचे आहेत, कुणाला अनुभव?

महालातली

नमस्कार मंडळी. नागपुरात कॉटन मार्केटजवळ बाबांचं मोटर पार्टचं दुकान होतं, १९६८ पासून २००९ पर्यंत. दुकान दिलं तेव्हा उरलेला माल महालातल्या घरी माळ्यावर चढवला, तो आजपर्यंत तिथेच आहे. आता घर पाडून फ्लॅट होणार, दिवाळीच्या आत माळा मोकळा करायचा आहे.

काय काय आहे: डुक्कर फियाटच्या टेल लॅम्पच्या काचा (दोन पेट्या, अजून कागदात गुंडाळलेल्या), व्हील कॅप, प्रीमियर पद्मिनी गाडीचे मोनोग्राम, अँबेसेडर मार्क वन-मार्क टूचं बरंच काही, ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटर कॅप, सोलेक्सचे तीन कार्बोरेटर, गॅस्केट सेट, ब्रेक शू, क्लच प्लेटा. शिवाय पितळेच्या हेडलॅम्पची एक भलीमोठी जोडी. ती कुण्या मालगुजाराच्या गाडीची, एवढंच बाबांना आठवतं.

भंगारवाला येऊन गेला. लोखंड लोखंडाच्या भावात, पितळ पितळेच्या. बाबा ८१ वर्षांचे आहेत. काही बोलले नाहीत, उठून आत गेले. भाचा म्हणतो परदेशात या मालाला गिऱ्हाईक आहे. खरं आहे का? कागदपत्रं काय लागतात? पैसे बुडायची भीती किती?

सावजी_रस्सा

ताई, त्या भंगारवाल्याले पुन्हा जिना चढू देऊ नका बाप्पा! माझ्या मामानं लॅम्ब्रेटाचं अख्खं पोतं असंच देऊन टाकलं होतं. आता तेच पार्ट मोबाइलवर दिसले की मामा जेवत नाही.

डिकीत_स्टेपनी

ताई, मी सहा वर्षांपासून हेच करून राहिलो. धंदा मोठा नाही, महिन्याला आठ-दहा पार्सलं. गिऱ्हाईक आहे, पण सगळ्या मालाला नाही. कोणत्या मालाला आहे ते ओळखणं हेच खरं काम. कागदपत्रं पंधरा दिवसांत होतात.

म्हणून विकायच्या गोष्टी नंतर. आधी बाबांना खुर्चीवर बसवा, एकेक वस्तू हातात द्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस पार्टवरून अंगठा फिरवून सांगतो की हा कंपनीचा, हा लोकल. ते आपल्याला कोणत्याही साइटवर भेटत नाही. ते बोलतील तेच चिठ्ठीवर लिहून वस्तूला बांधा: गाडी, मॉडेल, साल, पार्ट नंबर.

आता कोणता माल कुठे जातो. अँबेसेडर म्हणजे मुळातली मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री. तिचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसी या इंग्लंडच्या मोटर कंपनीच्या बी-सीरीजमधलं, आणि त्याच कुळीचं इंजिन सुरुवातीच्या एमजीए स्पोर्ट्स गाडीतही होतं. त्यामुळे तुमच्या जुन्या अँबेसेडरच्या इंजिनच्या मालाकडे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचे लोक बघतात. डुक्कर फियाट म्हणजे फियाट ११००-१०३, इटलीत १९५३ ला आलेली. तिच्या काचा, कॅप, मोनोग्राम इटलीत जातात. स्टिअरिंग बॉक्स जाणार नाही, आपलं उजव्या हाताचं. हेडलाइटची काचही नाही, कारण आपल्या लाइटचा झोत डावीकडे झुकतो आणि तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. हे मी एकदा न सांगता विकलं आणि भाड्यासकट पैसे परत केले. पद्मिनीचे मोनोग्राम मात्र आपल्याच लोकांना विका. परदेशात पद्मिनी ठाऊक कुणाला?

डबे फेकू नका. कंपनीचा मळका डबा असला की तोच पार्ट वेगळ्या भावात जाते. आणि काहीही घासून चमकवू नका. जुन्या निकेलवर ब्रासो मारलं की गिऱ्हाईक गेलंच समजा.

ताळेबंद

ताई, घाई करण्याआधी एक तारीख लक्षात ठेवा: १ जानेवारी १९५०. त्याआधी बनलेल्या मोटारगाड्या आणि त्यांचे सुटे भाग यांच्या निर्यातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय) परवान्याशिवाय ते पाठवता येत नाहीत. मोटारसायकलींसाठी हीच तारीख १ जानेवारी १९४० आहे. तुमच्या मालगुजाराच्या हेडलॅम्पची जोडी बाजूला ठेवा. ती शंभर वर्षांपुढची निघाली तर पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदाही आडवा येऊ शकतो.

बाकीचा माल साधा. आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये, नंबर तुमचा पॅनच. मात्र दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो पोर्टलवर जाऊन अपडेट करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. नाहीतर कोड बंद पडतो आणि पार्सल विमानतळावर अडकल्यावर कळतं. जीएसटी नोंदणी करा. निर्यात शून्य दराची असते, दर आर्थिक वर्षाला एलयूटी म्हणजे हमीपत्र भरलं की कर न भरता माल पाठवता येतो. बँकेकडून एडी कोड घ्या, म्हणजे निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा कोड. कस्टमच्या कागदावर लिहायचे पार्टचे कोडही वेगवेगळे: गाडीचे बहुतेक पार्ट ८७०८, इंजिनचे ८४०९, लाइट ८५१२, स्पीडोमीटर ९०२९. सगळ्यावर ‘कार पार्ट’ लिहून मोकळं होऊ नका.

बाबांची जुनी बिलबुकं असतील तर तीही जपा. माल कधीचा आहे याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

महालातली

बिलबुकं आहेत! १९७१ पासूनची, एका ट्रंकेत. दोन-तीन वाळवीने खाल्ली आहेत. गॅस्केट आणि ब्रेक शूबद्दल कुणी बोललं नाही, तोच माल सगळ्यात जास्त आहे.

यारेकाठी

मी मूळचा धरमपेठेचा, आता मेलबर्नला. ब्रेक शू, क्लच प्लेट आणि गॅस्केट इकडे पाठवायचा विचारही करू नका. जुन्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ऑस्ट्रेलियात त्यावर २००३ च्या ३१ डिसेंबरपासून पूर्ण बंदी आहे. इकडचं कस्टम जुन्या गाड्यांच्या बाबतीत फार कडक. संशय आला तर माल अडवून तपासणी करायला लावतात, तिचा खर्च मागवणाऱ्यावर. माझ्या ओळखीच्या एका आजोबांनी भारतातून एक्झॉस्टचं गॅस्केट मागवलं होतं. शेवटी माल नष्टच करावा लागला, वर दंडाची भीती. इंग्लंडातही तीच गत आहे.

ताई, हा माल घरी हाताळतानाही जपा. ब्रेक शूवर फुंकर मारून धूळ उडवायची जी सवय मेकॅनिक लोकांना असते ती नकोच. जुने लायनिंग घासू नका, प्लॅस्टिकमध्ये बांधून वेगळे ठेवा.

घाटरोडचा_राजा

एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा मुंबईच्या एखाद्या डीलरला सगळा माल एकगठ्ठा विका. दिवाळी तोंडावर आहे.

डिकीत_स्टेपनी

राजाभाऊ, दिवाळीपर्यंत माळा रिकामा करायचा, विकायचा नाही. पाच-सहा प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये सगळं मावेल आणि ते कुठल्याही खोलीत राहते. डीलर चांगला माल उचलते आणि ब्रेक शू तुमच्याकडेच सोडून जाते. तरी पद्मिनीचा माल आणि भरीचं जे काही आहे ते एकगठ्ठा द्यायला हरकत नाही, तेवढं तुमचं खरं.

आता पॅकिंग, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. पहिली ग्रील मी संत्र्याच्या लाकडी पेटीत घातली, आजूबाजूला तणस कोंबली. आपण नागपूरचे, पेटी घरात होतीच! कुरिअरवाल्यानं काउंटरवरूनच परत दिली. बाहेरदेशी कच्चं लाकूड चालत नाही, त्याला उष्णता देऊन शिक्का मारलेला लागते. तणस तर नाहीच नाही, शेतातली कीड जाते म्हणून. प्लायवूडची पेटी चालते, आणि लहान मालाला जाड पुठ्ठ्याचे दोन डबे एकात एक.

वजनाचंही ऐका. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, जे येईल तेवढे किलो कुरिअर लावते. बंपरचं खोकं १५० बाय ३० बाय २५ धरलं तर साडेबावीस किलो झालं. बंपर स्वतः त्याच्या निम्माही भरत नाही. म्हणून मी बंपर सोडला. तुमच्या काचा, कॅप, डिस्ट्रिब्युटर सोनं आहे, हातभर डब्यात मावते.

लहान मालाला पोस्ट बरं पडते. डाक निर्यात केंद्राच्या पोर्टलवर घरी बसून फॉर्म भरा, मग पार्सल पोस्टात द्या. आपल्या जीपीओत जाऊन एकदा समोरासमोर विचारून घ्या, तिथली माणसं सांगतात नीट. कार्बोरेटर पाठवायच्या आधी पूर्ण कोरडा करा, आठवडाभर उघडा ठेवा. पेट्रोलचा वास आला तर विमानात चढत नाही. मे महिन्यात आपल्या गच्चीवर ठेवला तर एका दुपारचं काम, पण काच आणि रबर त्या उन्हात चुकूनही नको.

ताळेबंद

त्यात भर. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली. त्यामुळे लहान पार्सललाही शुल्क लागतं, आणि दर सतत बदलत असतात. ज्या दिवशी विकाल त्या दिवशीचा दर बघा आणि तो कोण भरणार ते जाहिरातीतच लिहा. इंग्लंडात १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीची साइटच गिऱ्हाइकाकडून घेते, त्या दृष्टीने तिकडचं सोपं. सुरुवात तिथून करा.

एखादा गिऱ्हाईक म्हणेल, ‘गिफ्ट लिहा, दहा डॉलर लिहा.’ लिहू नका. गुन्हा आहे, आणि पार्सल हरवलं तर भरपाई दहाच डॉलरची.

महालातली

आणि पैसे? भाच्याने ईबे सुचवलंय, पण ईबे भारतातून गेलं ना?

डिकीत_स्टेपनी

आपल्या देशातल्या देशात विकायचं २०१८ ला बंद झालं. बाहेर विकायला इथले लोक अजून आहेत, पैसे पेओनियर या ऑनलाइन पेमेंट कंपनीमधून बँकेत येतात. नवीन खात्याला सुरुवातीला मर्यादा असते, म्हणून पहिल्या पाच-सात वस्तू स्वस्त आणि न फुटणाऱ्या टाका, नाव होऊ द्या. फेसबुकवर त्या-त्या गाडीच्या क्लबचे ग्रुप आहेत, तिथे आधी नुसतं वाचा. भाव तिथेच कळते.

फसवणूक एकाच साच्याची असते: ‘जास्त पैसे पाठवले, उरलेले माझ्या एजंटला द्या.’ असं कुणी म्हणालं की बोलणं बंद. मीही एकदा गुंतलो होतो, साडेअकरा हजार गेले. बायकोला अजून सांगितलं नाही.

आणि कॅपवर ल्युकास लिहिलं म्हणून ती ल्युकासची असं नाही. आपल्या बाजारात नक्कल फार होती. बाबा लोकल म्हणाले तर लोकलच लिहा. लोकलही विकते, फक्त कमी भावात.

महालातली

दोन रविवार बाबांसोबत बसले. तुम्ही म्हणाला तसंच झालं. डोळे मिटून किंग पिनवर नख फिरवलं आणि म्हणाले, ‘हा पंजाबचा माल, ठेवून दे.’ दोनशे चौदा वस्तूंना चिठ्ठ्या बांधून झाल्या. ब्रेक शू आणि गॅस्केट वेगळे बांधून ठेवलेत. हेडलॅम्प १९३० च्या आसपासच्या गाडीचे असावेत असं बाबा म्हणतात, तेव्हा ते घरातच राहतील. आयईसीचा अर्ज काल भरला.

एक शेवटचं विचारते. टेल लॅम्पच्या प्रत्येक डब्यावर बाबांनी पेन्सिलीने भाव लिहिलाय, ३.७५. भाचा म्हणतो खोडून टाक, गोऱ्यांना वाटेल पावणेचार रुपयांची वस्तू आपण कितीला विकतोय. खोडू?

डिकीत_स्टेपनी

खोडरबर हातात घेऊ नका ताई. फोटो काढताना ती बाजू वर ठेवा.

सावजी_रस्सा

आणि मामाले हा धागा दाखवू नका कोणी.