हर्बेरियमसाठी अनुदान: अर्जात काय मागावं?

पानफूल: विभागात काही हजार जुन्या हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेले वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने) आहेत, कपाटांना कीड लागलीय. नुसत्या देखभालीसाठी अनुदान मिळतं का?

करवंद: नुसत्या देखभालीवर प्रस्ताव सहसा टिकत नाही. एखाद्या वनस्पतिकुळाची पुनर्तपासणी असा संशोधनाचा प्रश्न पुढे ठेवा. कपाटं, स्कॅनर, नोंदी भरणारा माणूस त्याच खर्चात बसवा. केंद्र सरकारच्या एएनआरएफकडे (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, संशोधनाला निधी देणारी संस्था) असे प्रकल्प पाठवता येतात. आधी इंडेक्स हर्बेरिओरममध्ये, म्हणजे जगभरातल्या हर्बेरियमांच्या सूचीत, नोंदणी करा. ती मोफत आहे, संग्रहाला अधिकृत संक्षिप्त नाव मिळतं आणि शोधनिबंधांत तेच वापरतात.

माळरान: कीड अनुदानाची वाट बघणार नाही हो! गठ्ठे पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर किमान आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं, मग बुरशी. आणि जुन्या शीटवर किडीसाठी लावलेलं विषारी मर्क्युरिक क्लोराइड असू शकतं, हातमोजे घालाच.

करवंद: अगदी. म्हणून डीप फ्रीझरही अर्जात घाला. नोंदी भरताना लेबलवरचं गावाचं नाव आहे तसंच उतरवा, आजचं नाव वेगळ्या रकान्यात. मूळ नाव पुसलं की ते ठिकाण पुन्हा सापडत नाही.