मदत हवी आहे: घरी एडिटिंग करायचं, टेपचा छोटा कॅमेरा कोणत्या कॅसेटचा घेऊ?

अमळनेरचा पोऱ्या
जळगावात ओळखीच्या दुकानात टेपचे तीन जुने कॅमेरे आलेत. तिन्ही सोनीचे, तिन्ही चालू. एक मिनी-डीव्ही, एक डिजिटल-८ आणि एक मायक्रो-एमव्ही. मायक्रो-एमव्हीवाला सगळ्यात लहान, खिशात मावतो, माझा जीव त्याच्यावर आहे. किमतीत फार फरक नाही. शूट करायचं, घरी कापाकापी करायची, नावं टाकायची, बस. रविवारी उचलायचाय. कोणता घेऊ तेवढंच सांगा भो. मोबाइल वापर म्हणू नका, टेपच पाहिजे.

भुसावळ जंक्शन
कॉम्प्युटर कोणता? डेस्कटॉप की लॅपटॉप? फायरवायरचं, म्हणजे टेपवरचं चित्र कॉम्प्युटरात आणायच्या वायरचं, पोर्ट आहे का?

अमळनेरचा पोऱ्या
लॅपटॉप. यूएसबी आहे, कॅमेऱ्यालाही यूएसबी आहे, दुकानदार वायर देतोय. कॉम्प्युटरचा काय संबंध? मी कॅमेऱ्याचं विचारतोय.

भुसावळ जंक्शन
सगळा संबंध तिथेच आहे. या कॅमेऱ्यांचं यूएसबी बहुतेक वेळा फोटो काढून घेण्यापुरतं किंवा वेबकॅमसारखं बारीक चित्र पाठवण्यापुरतं असतं. टेपवरचं खरं चित्र फायरवायरमधून येतं. सोनी त्याला आय-लिंक म्हणते. कॅमेऱ्याकडे ४ पिनांचं पोर्ट असतं, कॉम्प्युटरच्या कार्डावर बहुधा ६ पिनांचं. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी स्वस्त केबल मिळते, ती घेऊ नका. तिच्यात फक्त तारा जोडलेल्या असतात. दोन्हीकडची भाषाच वेगळी, त्यामुळे कॉम्प्युटरला कॅमेरा दिसतच नाही.

तापीकाठ
मायक्रो-एमव्हीचा नाद सोडा. २००१ मध्ये सोनीने काढला आणि काही वर्षांत बंद केला. कॅसेट फक्त सोनीचीच. पण खरी अडचण एडिटिंगची आहे. त्यात सेकंदाला १२ मेगाबिटचं एमपेग-२ (दाबून लहान केलेलं चित्र) असतं, म्हणजे पूर्ण फ्रेम अधूनमधून एखादी, बाकीच्या फ्रेममध्ये फक्त शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच. मधेच कापलं की आजूबाजूचा तुकडा पुन्हा एन्कोड करावा लागतो. त्या काळी सोनीच्या स्वतःच्या मूव्हीशेकरशिवाय फारसं कोणतं सॉफ्टवेअर तो कॅमेरा ओळखत नव्हतं.

मिनी-डीव्ही आणि डिजिटल-८ दोन्ही टेपवर डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ, लिहितात: सेकंदाला २५ मेगाबिट, पालमध्ये (आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत) ७२० बाय ५७६ ठिपके, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. कुठेही कापा, बाकीच्या फ्रेमला धक्का लागत नाही. तासाला साधारण १३ जीबी जागा धरा. मिनी-डीव्ही घ्या. कॅमेरा लहान, कॅसेट लहान, प्रश्न मिटला.

केळीबाग
एवढी यातायात कशाला? साधा हाय-८ (८ मिमी टेपचा जुना ॲनालॉग कॅमेरा) घ्या आणि पिवळी-पांढरी पिन लावून यूएसबी कॅप्चर डोंगल (चित्र कॉम्प्युटरात घेणारी छोटी डबी). लॅपटॉपवर लगेच सुरू. आमच्या यावलकडे लग्नाच्या जुन्या कॅसेटी सगळे असंच करतात.

तापीकाठ
जुन्या कॅसेटी उतरवून ठेवणं वेगळं आणि नवीन शूट करून एडिट करणं वेगळं. डोंगल चित्र नव्याने डिजिटल करतं, त्यात स्वस्त डोंगल फ्रेम गाळतं आणि तासाभरात आवाज ओठांच्या मागेपुढे जातो. डीव्हीत टेपवर जे आकडे आहेत तेच डिस्कवर येतात. पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओ वापरलं तर डोंगलचं चित्र सुधारतं, हे मान्य.

केळीबाग
चांगलं डोंगल घेतलं तर आवाज सरकत नाही. सगळ्यांना एकाच मापात मोजू नका दादा.

शिरपूरकर
कॅसेट ठेवण्याबद्दल लिहितो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. लोखंडी कपाटात वरच्या खणात, पत्र्याच्या छताखाली कॅसेट ठेवू नका. पूर्ण रिवाइंड करून, डबीत, उभी ठेवा. पावसाळ्यात टेपच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी कॅसेट कॅमेऱ्यात घालायचीच नाही, बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब करते. स्पीकर आणि इन्व्हर्टरपासून लांब ठेवा.

अमळनेरचा पोऱ्या
कॅसेट ठेवायचं मी विचारलंच नाही. बरं, पण त्यावरून आठवलं, घरात कानबाईच्या (आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या) जुन्या कॅसेट पडल्यात, त्याही लागल्या तर बरं होईल. म्हणजे मिनी-डीव्हीच ना?

लळिंग
थांबा. त्या कॅसेट कोणत्या? हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं, सगळं उत्तर बदलू शकतं. मोजपट्टी लावून जाडी सांगा आणि कॅसेटवर काय छापलंय ते जसंच्या तसं लिहा.

अमळनेरचा पोऱ्या
ऑडिओ कॅसेटएवढी, जाडी १५ मिमी. वर पी५-९० लिहिलंय.

लळिंग
मग ती ८ मिमीची, व्हिडिओ-८. व्हीएचएस-सी (व्हीएचएसची छोटी कॅसेट) असती तर जाडी २२-२३ मिमी भरली असती. पी५ म्हणजे पाल, ९० म्हणजे मिनिटं. मिनी-डीव्हीची कॅसेट ६६ बाय ४८ मिमी आणि टेप सुमारे सव्वासहा मिमी रुंद, त्यामुळे या कॅसेट त्या कॅमेऱ्यात जाणारच नाहीत. ८ मिमीच्या कॅसेटला व्हीएचएस प्लेअरमध्ये घालायची पेटीही नसते, ती फक्त व्हीएचएस-सीला असते.

तुमच्यासाठी डिजिटल-८. १९९९ मध्ये सोनीने तो नेमका अशाच लोकांसाठी आणला: हाय-८ च्या कॅसेटवर डीव्ही लिहितो, आणि काही मॉडेल जुनी ॲनालॉग व्हिडिओ-८, हाय-८ सुद्धा वाचून आय-लिंकमधून डीव्ही करून देतात. नीट वाचा, काही मॉडेल. नंतरच्या स्वस्त मॉडेलमधून ही सोय काढली होती, तिथे जुन्या कॅसेटचं चित्र येत नाही. मॉडेल नंबरवर अंदाज बांधत बसू नका. एक जुनी कॅसेट खिशात टाकून जा आणि दुकानातच लावून बघा. जाण्याआधी तिची सरकपट्टी लाल खूण दिसेल अशी करा, नाहीतर चुकून रेकॉर्ड दाबलं की कानबाई गेली.

दुकानात कोऱ्या कॅसेटवर दोन मिनिटं शूट करा, लगेच चालवून पाहा. चौकोनी ठोकळे दिसले तर हेड मळलंय. कोरडी क्लीनिंग कॅसेट १० सेकंद, त्याहून जास्त नाही, ती हेड घासते. पडद्यावर सी:२२ आलं तर हेड साफ करायचं. सी:२१ म्हणजे आत दव धरलंय, झाकण उघडं ठेवून तासभर थांबा. सी:३१ किंवा सी:३२ म्हणजे टेप ओढणारी यंत्रणा. ते पुन्हा पुन्हा येत असेल तर घेऊ नका.

तापीकाठ
लळिंग यांचं जुन्या कॅसेटपुरतं पटतं. पण नव्या शूटिंगला डिजिटल-८ मध्ये ९० ची पाल कॅसेट ६० मिनिटंच चालते आणि कॅमेरा जाडजूड. छोटाच हवा ही त्यांची पहिली अट होती.

लळिंग
चित्र दोन्हीकडे डीव्हीच, पैसे एकाच कॅमेऱ्याचे. आकारापेक्षा कानबाई मोठी. एक काळजी मात्र नव्या शूटला घ्या: मधे कॅसेट पुढे नेऊन कोरी जागा सोडली की टाइमकोड (टेपवरची वेळेची मोजणी) पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि कॅप्चर तिथे अडकतं. आधीच्या शॉटचे शेवटचे एक-दोन सेकंद राहू द्या आणि तिथूनच पुढे रेकॉर्ड करा. एलपी (टेप हळू फिरवून जास्त वेळाचं रेकॉर्डिंग) टाळा, एकावर तशी केलेली कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यावर नीट चालेलच असं नाही. आवाज मेनूत १२ बिटवर असतो, तो १६ करा.

शिरपूरकर
कानबाईची कॅसेट कोणत्या गावची? रोटांच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) वेळची बायकांची अहिराणी गाणी आहेत का? असतील तर चित्र कसंही असो, आवाज वेगळा वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. ती गाणी म्हणणाऱ्या आज्या आता राहिल्या नाहीत.

अमळनेरचा पोऱ्या
गाणी आहेत, विसर्जनापर्यंतची. ठीक, डिजिटल-८. आता लॅपटॉपचं सांगा. काकांकडे डेस्कटॉप आहे, विंडोज १०, त्यात होईल का?

भुसावळ जंक्शन
होईल, आणि सोपं होईल. डबा उघडून मदरबोर्डवर छोटा पीसीआय-एक्सप्रेस स्लॉट मोकळा आहे का बघा. त्यात फायरवायर ४०० चं कार्ड, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं. गोलाणी मार्केटमध्ये विचारा. केबल ६ पिन ते ४ पिन. विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवर कॅमेरा दिसला नाही तर मायक्रोसॉफ्टचा १३९४ ओएचसीआय लेगसी ड्रायव्हर टाका. कॅप्चरला विनडीव्ही हे सॉफ्टवेअर, त्यात फाइलचा प्रकार टाइप-२ एव्हीआय निवडा. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. एफएटी३२ वर ४ जीबीला, म्हणजे १८-१९ मिनिटांत फाइल थांबते.

केबल लावताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद. ६ पिनांच्या टोकात वीज असते. पिन उलटी दामटली तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं आणि मग त्या कॅमेऱ्यातून डीव्ही कधीच निघत नाही. कॅप्चर झाल्यावर फील्डचा (फ्रेमच्या एकाआड एक ओळींचा) क्रम खालची आधी असा ठेवा, नाहीतर हलणारी माणसं थरथरतात. डेस्कटॉपचा मदरबोर्ड नंबर इथे टाका, कार्ड कोणतं बसेल ते रविवारच्या आत बघून सांगतो.